ट्रेडमार्क-पेटंटचं काम कुणाकडे द्यायचं? सोलापूरच्या नवख्या उद्योजकांसाठी पायरीपायरीने

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब आणि कागदपत्रांचं काम बघतो. मालकांच्या ब्रँडचे ट्रेडमार्क अर्ज आणि मागाला जोडायच्या एका छोट्या यंत्रणेचा पेटंट अर्ज, दोन्ही माझ्या टेबलावरून गेले. तेव्हापासून ओळखीतले चादरवाले, युनिफॉर्म शिवणारे, शेंगा चटणीवाले अधूनमधून विचारायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "कुणाकडे देऊ?"

मी नाव सांगत नाही. माणूस कसा पारखायचा आणि नेमल्यावर त्याच्या कामावर लक्ष कसं ठेवायचं, तेवढं सांगतो. तुमच्या वतीने सही कोण करू शकतो हे कायदा काटेकोर सांगतो. पण त्या माणसाने तारीख पाळलीच पाहिजे, याची काळजी कायदा तुमच्यासाठी घेत नाही. ती आपणच घ्यायची असते. खालच्या पायऱ्या त्या हिशेबानेच लावल्या आहेत.

१. आधी काम कोणतं ते ठरवा

चटणीच्या पाकिटावरचं नाव किंवा टॉवेलवरचा लोगो म्हणजे ट्रेडमार्क. मागाला जोडलेली नवी यंत्रणा म्हणजे पेटंट. टॉवेलवरची नक्षी, तिची मांडणी किंवा बाटलीचा आकार डिझाइनमध्ये येतो. आणि 'सोलापुरी चादर' हे नाव भौगोलिक संकेत (जीआय, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या मालाची ओळख सांगणारं नाव) म्हणून आधीच नोंदलेलं आहे. आपला टेरी टॉवेल, डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारीही त्याच यादीत आहे.

चारही कामांचे कायदे वेगळे आहेत आणि ती करणाऱ्यांची पात्रताही वेगळी. "सगळं करतो" असं कुणी म्हणालं, तर कोणतं काम कोणत्या अधिकाराने करतो ते विचारायचं.

इथला एक हमखास सापळा. ब्रँडच्या नावात 'सोलापुरी' घातलं की नाव जड वाटतं, पण कायद्यात ते हलकं ठरतं. मालाचं ठिकाण सांगणाऱ्या शब्दावर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. शिवाय नोंदलेला भौगोलिक संकेत एकट्याने ट्रेडमार्क म्हणून बळकावण्याला भौगोलिक संकेतांचा कायदा आडवा येतो. तुम्ही खरोखर सोलापुरी चादर विणत असाल, तर त्या संकेताचे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव लावता येतं. तो रस्ता वेगळा आहे आणि स्वस्तही. हे न सांगता 'सोलापुरी अमुकतमुक' अशा नावाचा अर्ज घेऊन फी लावणारा माणूस भेटला, तर तिथेच सावध व्हा.

२. कायद्याने कोण चालतं

ट्रेडमार्कसाठी १९९९ च्या कायद्याचं कलम १४५ बघायचं. प्रतिज्ञापत्र सोडून बाकीची कामं तुमच्या वतीने तीन प्रकारची माणसं करू शकतात: वकील, रजिस्ट्रारकडे नोंदलेला ट्रेडमार्क एजंट, किंवा तुमच्याच पूर्णवेळ आणि नियमित नोकरीत असलेला माणूस. तिसरा प्रकार फार कुणाला माहीत नसतो. मी स्वतः त्यातच मोडतो. कारखान्यातला लिहिता-वाचता, चिकाटीचा माणूस असेल तर साधा अर्ज तो रीतसर अधिकारपत्र घेऊन भरू शकतो. पण तो फक्त तुमचाच नोकर हवा. चार दुकानांचे हिशेब लिहिणारा पार्टटाइम मुनीम यात बसत नाही.

पेटंटचा कायदा १९७० चा आहे आणि तो जास्त कडक आहे. त्यात कलम १२५ ते १३२ हा पूर्ण भाग पेटंट एजंटांवरच आहे. पेटंट कार्यालयाच्या प्रमुखाकडे, म्हणजे नियंत्रकाकडे, त्यांचं रजिस्टर असतं. त्यात नाव यायला भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि सरकारी पात्रता परीक्षा लागते. पेटंट कार्यालयात परीक्षक किंवा नियंत्रक म्हणून किमान १० वर्षं काम केलेल्यांना परीक्षेतून सूट आहे.

नुसती सनद असलेला, पेटंट एजंट नसलेला वकील पेटंटच्या सुनावणीत तुमची बाजू मांडू शकतो. कलम १३२ त्याला तेवढी मुभा देतं. पण पेटंटचा मसुदा लिहून अर्ज चालवणं हे एजंटाचं काम. उलट प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तर तिथे वकीलच लागतो, निव्वळ एजंट उभा राहू शकत नाही. २०२१ मध्ये अपिलाचं स्वतंत्र मंडळ बंद झालं आणि अपिलं उच्च न्यायालयांकडे गेली, त्यामुळे हा फरक आता जास्त जाणवतो.

स्वतःचा अर्ज स्वतः भरायला मात्र कुणालाच बंदी नाही. ट्रेडमार्क स्वतः भरणं जमण्यासारखं आहे. पेटंटच्या बाबतीत मी तसा सल्ला देणार नाही. दाव्यांची (तुमचा हक्क नेमका कशावर, ते सांगणाऱ्या वाक्यांची) भाषा चुकली, की पेटंट मिळूनही शेजारचा कारखाना एक नट बदलून तीच यंत्रणा वापरतो, आणि तुम्ही बघत बसता.

३. नाव रजिस्टरवर आहे का, ते स्वतः बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. "आमच्या सीएंनी सांगितलंय" एवढ्यावर काम दिलं जातं.

पेटंट एजंट असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो 'आयएन/पीए' या अक्षरांनी सुरू होतो. आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर पेटंट एजंटांची यादी आहे. तिथे नाव आणि क्रमांक जुळतात का, आणि नोंद आज चालू आहे का, दोन्ही बघा. एजंटाला नोंद चालू ठेवायला फी भरावी लागते. ती थकली तर नाव रजिस्टरमधून निघतं, भिंतीवरची फ्रेम मात्र तशीच राहते.

ट्रेडमार्क एजंटालाही नोंदणी क्रमांक असतो. वकील असेल तर सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्रातल्या वकिलांची नोंद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते. क्रमांक विचारल्यावर चांगला माणूस रागावत नाही, उलट लगेच कार्ड काढून देतो.

कार्डावरच्या शब्दांवर जाऊ नका. 'अॅटर्नी', 'आयपी कन्सल्टंट', 'बौद्धिक संपदा सल्लागार' अशी नोंदणी आपल्या कायद्यात नाही. कोणीही ते छापू शकतो.

आता कंपन्यांची गोष्ट. पेटंट कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे कुठलीही कंपनी स्वतःला पेटंट एजंट म्हणवून घेऊ शकत नाही. भागीदारी फर्म असेल, तर सगळेच भागीदार नोंदलेले हवेत. म्हणून 'अमुक प्रायव्हेट लिमिटेड, पेटंट एजंट' अशी जाहिरात दिसली, तर विचारा: "माझ्या अर्जावर सही करणार त्या माणसाचं नाव काय?" नाव मिळालं तर रजिस्टरवर बघा. "आमची टीम बघते" एवढंच उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा. नोंद नसताना पेटंट एजंटाचा व्यवसाय केला, तर कलम १२३ खाली ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तरीही चालू ठेवलं तर दर दिवसाला १ हजार रुपये वेगळे. हा दंड त्याला होतो. तुमचा बिघडलेला अर्ज त्याने दुरुस्त होत नाही.

आपल्याकडे दिसणारा आणखी एक प्रकार सांगतो. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एकच पाटी असते: उद्यम, फूड लायसन्स, जीएसटी, पॅन, ट्रेडमार्क. ही मंडळी बऱ्याचदा तुमच्या नावाने ऑनलाइन खातं उघडतात, तुमचीच डिजिटल सही वापरतात आणि अर्ज टाकतात. सरकारदरबारी अर्जदारही तुम्ही आणि सही करणारेही तुम्ही. त्यांचं नाव कागदावर कुठेच नसतं. खर्च कमी येतो हे खरं. पण पुढे हरकत आली, सुनावणी लागली, की ते म्हणतात, "ते आमच्याकडे नसतं." आणि तक्रार करायची म्हटली, तर कोणाविरुद्ध करणार? असं काम द्यायचंच असेल तर समजून द्या, आणि खात्याचा पासवर्ड व डिजिटल सहीचा टोकन स्वतःच्या कपाटात ठेवा.

४. पहिल्या भेटीत काय विचारायचं

फी हा विषय लाजत लाजत काढू नका. रकमेचे तीन भाग वेगवेगळे लिहून मागा: सरकारी फी, व्यावसायिक फी, आणि पुढे हरकत किंवा सुनावणी आली तर लागणारी फी. "ट्रेडमार्क फक्त ९९९ रुपयांत" अशी जाहिरात असते, त्यात सरकारी फी धरलेली नसते.

सरकारी आकडे पाठ ठेवा, म्हणजे कुणी फुगवून सांगणार नाही. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी (म्हणजे मालाच्या एका सरकारी गटासाठी) ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,००० रुपये. पेटंटचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. तपासणीची विनंती याच क्रमाने ४,००० आणि २०,००० रुपये. भागीदारी फर्म किंवा कंपनी असाल तर सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर अर्जाच्या आधी काढा. ऑनलाइन निघतं आणि त्याला फी नाही.

ट्रेडमार्कच्या वर्गांबद्दलही विचारा. चादर, टॉवेल वर्ग २४ मध्ये, तयार कपडे २५ मध्ये, चटणी ३० मध्ये, प्रक्रिया केलेले शेंगदाणे २९ मध्ये, विडी ३४ मध्ये. माणूस तुमचा माल नीट न विचारता पाच वर्ग लावत असेल, तर पाचपट फीचा विचार कुणासाठी चाललाय ते ओळखा. उलट युनिफॉर्मवाल्याचा अर्ज २४ मध्ये टाकून मोकळं होणंही तितकंच वाईट.

मग हे विचारा: नावाचा शोध घेतला का, आणि त्याचा निकाल लेखी देणार का? माझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं काम तुमच्याकडे आहे का? हा दुसरा प्रश्न सोलापुरात फार महत्त्वाचा. पूर्व भागात एका गल्लीत दहा कारखाने एकाच तऱ्हेचा माल काढतात. तुमच्या नावाला उद्या विरोध करणारा शेजारी त्याच माणसाचा जुना ग्राहक असू शकतो.

"शंभर टक्के रजिस्ट्रेशन करून देतो" म्हणणाऱ्याचं पुढे ऐकूच नका. निर्णय रजिस्ट्रार घेतो, एजंट नाही. आणि घरी फोन करकरून काम मागणारा वकील असेल, तर तो स्वतःचेच नियम मोडतोय. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला अशी जाहिरात आणि ग्राहक ओढणं मना आहे.

मान्यताप्राप्त स्टार्टअप असाल तर केंद्र सरकारच्या स्टार्टअप बौद्धिक संपदा संरक्षण योजनेबद्दल विचारा. त्यात यादीवरच्या सहाय्यकाची व्यावसायिक फी सरकार भरतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरता. हे सहाय्यकसुद्धा बहुतेक एजंट किंवा वकीलच असतात, म्हणजे रजिस्टरची पडताळणी तिथेही करायची.

५. जवळ ठेवायची कागदपत्रं

ट्रेडमार्कसाठी:

• मालकाचं पॅन आणि आधार. भागीदारी असेल तर करारपत्र. कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि सही कोण करणार त्याचा ठराव
• उद्यम प्रमाणपत्र
• लोगोचं स्वच्छ चित्र, ज्या रंगात हवं त्या रंगात
• नाव आधीपासून वापरात असेल तर सर्वांत जुनं बिल, पाकीट, जाहिरात, आणि त्या तारखेचं प्रतिज्ञापत्र
• अधिकारपत्र

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. ब्रँडचं नाव मराठी, तेलुगू किंवा कन्नडमध्ये असेल, तर त्याचा उच्चार आणि अर्थ या दोनपैकी एका भाषेत द्यावा लागतो. आपल्याकडे तिन्ही भाषांत नावं असतात. अर्थ नीट कळलाय ना, हे एजंटाला विचारा. एखाद्या तेलुगू शब्दाचा मुंबईत भलताच अर्थ लावला गेला, तर हरकत त्यावरच येते.

वापराच्या तारखेबद्दल एक इशारा. "२००५ पासून लिहू, वजन पडतं," असं कुणी सुचवलं तर नकार द्या. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते, त्याची नाही.

पेटंटसाठी यंत्रणेचं वर्णन, आकृत्या, शोधकर्त्यांची खरी नावं आणि ती अजून कुठे जाहीर झालेली नाही याची खात्री एवढं पुरतं. बाकीचे फॉर्म एजंट बनवतो. युनिफॉर्मच्या प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवलं, व्हिडिओ टाकला आणि मग पेटंटला गेलात, तर नावीन्यच संपलेलं असू शकतं. अर्ज आधी करायचा, प्रदर्शनाचा स्टॉल नंतर.

६. अधिकारपत्र वाचून सही करा

ट्रेडमार्कच्या अधिकारपत्राला जुन्या फॉर्मच्या नावाने अजूनही 'टीएम-४८' म्हणतात. पेटंटसाठी फॉर्म २६ असतो. तो अर्ज केल्यापासून ३ महिन्यांत द्यावा लागतो, नाहीतर पुढची कार्यवाही थांबते. स्टॅम्पपेपर किती रुपयांचा लागतो ते सही करायच्या दिवशीच विचारून घ्या, दर बदलत असतात.

सही करण्याआधी चार गोष्टी बघा. अर्जदाराचं नाव बरोबर आहे का? एकट्या मालकीचा धंदा असेल तर मालकाचं नाव हवं, नुसतं दुकानाचं चालत नाही. एजंटाचं नाव, नोंदणी क्रमांकासह आहे का? अधिकार या एका अर्जापुरता आहे, की 'सर्व कामांसाठी' आहे? आणि कागद कोरा तर नाही ना? "सही करून ठेवा, आम्ही भरून घेतो" हे चालवून घेऊ नका.

७. पत्रव्यवहाराचा ईमेल तुमचाही हवा

इतकी वर्षं हे काम बघून माझं मत असं झालंय, की अर्ज बुडतात ते बहुतेक वेळा कायद्याच्या गुंत्यामुळे नाही, ईमेलमुळे.

अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता आणि ईमेल द्यावा लागतो. एजंट स्वतःचा देतो, ते साहजिकच आहे. तपासणी अहवाल, सुनावणीची नोटीस, विरोधाची नोटीस, सगळं त्याच ईमेलवर जातं, आणि कायद्याच्या दृष्टीने ते तुम्हाला पोचलेलं असतं. एजंट आजारी पडला, त्याचा कारकून नोकरी सोडून गेला, ईमेल भरून गेला, तरी मुदत चालूच राहते. म्हणून अर्जात तुमचाही ईमेल आणि मोबाइल टाकायला सांगा. तो तुमच्या मुलाचा किंवा पुतण्याचा नको, धंद्याचा कायमचा हवा.

अर्ज भरल्यावर त्याच दिवशी पावती मागा. त्यावर अर्ज क्रमांक असतो. तो क्रमांक घालून आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर कुणीही अर्जाची स्थिती बघू शकतो. ट्रेडमार्कचे फॉर्म, अहवाल, उत्तरं, सगळे कागद तिथे दिसतात; पेटंटचे कागद अर्ज जाहीर झाल्यावर दिसतात. महिन्यातून एक दिवस ठरवून टाका, जीएसटीचं रिटर्न भरता त्याच दिवशी बघितलंत तरी चालेल. 'ऑब्जेक्टेड' दिसलं तर घाबरू नका, हरकती भरपूर अर्जांना येतात. 'अबँडण्ड', म्हणजे अर्ज सोडून दिला, असं दिसायच्या आधी मात्र हालचाल हवी.

याच कागदांमुळे तुमचा पत्ता जगाला दिसतो, हेही लक्षात ठेवा. अर्ज जाहीर झाला की सरकारी वाटावीत अशी पत्रं आणि ईमेल येऊ लागतात: अमुक डॉलर भरा, आंतरराष्ट्रीय यादीत नाव घालतो. पैसे भरायच्या आधी एजंटाला दाखवा. सरकारी फी सरकारी पोर्टलवरच भरायची असते.

आणखी एक गोष्ट. अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लावता येतं. गोलातलं 'आर' नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधीच छापलंत तर दंडाची तरतूद आहे. पाकिटांचा मोठा लॉट छापायला देताना प्रेसवाल्याला हे स्पष्ट सांगा, तो हौसेने 'आर' टाकून देतो.

८. या तारखा भिंतीवर लावा

ट्रेडमार्क: तपासणी अहवाल मिळाल्यापासून १ महिन्यात उत्तर. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव आल्यापासून ४ महिन्यांत कुणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांत तुमचं प्रतिउत्तर गेलं पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. या २ महिन्यांना मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण.

पेटंट: तात्पुरता मसुदा दिला असेल तर पूर्ण मसुदा १२ महिन्यांत. तपासणीची विनंती ३१ महिन्यांत. ही मुदत पूर्वी ४८ महिने होती, २०२४ च्या नियमांनी कमी झाली. जुन्या माहितीवर चालणारे अजून भेटतात, तेव्हा एजंटाला हा प्रश्न मुद्दाम विचारून बघा. पहिल्या तपासणी अहवालाला ६ महिन्यांत उत्तर, वेळेत विनंती केली तर ३ महिने वाढतात. पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं होईपर्यंत दरवर्षी नूतनीकरण फी, आणि ती विसरली तर पेटंट संपतं.

अर्ज महाराष्ट्रातला असल्याने दोन्ही कामं मुंबईच्या अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाकडे जातात. पण त्यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढायची गरज आता क्वचितच पडते. अर्ज ऑनलाइन, सुनावण्याही बऱ्याचशा व्हिडिओवर. एजंट "मुंबईचा जाण्यायेण्याचा खर्च" लावत असेल, तर सुनावणीची नोटीस दाखवायला सांगा. त्यात सुनावणी कशी होणार ते लिहिलेलं असतं.

९. माणूस बदलायचा किंवा तक्रार करायची झाली तर

माणूस बदलणं अवघड नाही. नवं अधिकारपत्र देऊन जुनं रद्द केल्याचं कळवायचं, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता त्याच वेळी बदलून घ्यायचा. दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि नोटिसा जुन्याकडेच जात राहतात. जुना वकील असेल तर रिवाजाप्रमाणे त्याची ना-हरकत मागा. फी थकलीय म्हणून तो फाइल अडवून ठेवत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय, की वकिलाला फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. थकलेली फी वसूल करायचा मार्ग वेगळा आहे.

तक्रार कुठे करायची हे माणसाच्या नोंदणीवर ठरतं. वकील असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली. ग्राहक न्यायालयात जायचा विचार असेल तर थांबा: मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली आहे. पेटंट एजंट असेल तर महानियंत्रकांच्या कार्यालयाकडे. व्यवसायातली गैरवर्तणूक सिद्ध झाली, तर कलम १३० खाली त्याचं म्हणणं ऐकून रजिस्टरमधून नाव काढता येतं. ट्रेडमार्क एजंटाची नोंद रद्द करायचा अधिकार रजिस्ट्रारला आहे.

एजंटांसाठी वकिलांसारखी तपशीलवार आचारसंहिता बराच काळ नव्हतीच. शिवणयंत्राच्या एका पेटंट अर्जात एजंटाने तपासणी अहवालाला उत्तर दिलं नाही आणि अर्ज सोडून दिलेला ठरला. अर्जदार पाठपुरावा करत होता, तरीही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाने महानियंत्रकांना एजंटांविरुद्धच्या तक्रारींसाठी यंत्रणा आणि आचारसंहिता तयार करायला सांगितलं. त्या अर्जदाराच्या हातात पाठपुराव्याचे ईमेल होते, हे त्याच्या कामी आलं. तुम्हीही फोनवर बोललात, तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाकत जा: "आज बोलल्याप्रमाणे उत्तर अमुक तारखेला भरणार आहात." व्हॉट्सअॅपवरचा अंगठा पुरावा म्हणून फारसा टिकत नाही.

तक्रारीला जोडायचं: अधिकारपत्राची प्रत, फीच्या पावत्या, संकेतस्थळावरची अर्जाची स्थिती छापून, आणि हे ईमेल तारखेच्या क्रमाने. रोख दिलेल्या पैशाची पावती नसेल तर निम्मी तक्रार तिथेच संपते.

१०. घरातल्या कुणाला हेच काम शिकायचं असेल तर

सोलापुरात इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची पुष्कळ मुलं-मुली आहेत आणि सगळ्यांचा ओढा पुण्याकडे. इथे बसून करता येण्यासारखं हे काम आहे, कारण अर्ज ऑनलाइन आणि सुनावणी व्हिडिओवर.

ट्रेडमार्क एजंट व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे बीकॉम, बीए झालेल्यांनाही. पेटंट एजंटाला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाचीच हवी. पेटंटच्या परीक्षेत १०० गुणांचे दोन पेपर असतात: एक कायदा आणि नियमांचा, दुसरा मसुदा लिहिण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा. वर ५० गुणांची तोंडी परीक्षा. दोन्ही पेपरांत किमान ५०, आणि एकूण ६० टक्के लागतात. दुसऱ्या पेपरात बरेच जण अडकतात. मसुदा वाचून येत नाही, लिहूनच येतो. मागावरच्या, शिवणयंत्रावरच्या जुन्या पेटंटांचे मसुदे संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कारखान्यात जाऊन यंत्र बघायचं, स्वतः दावे लिहायचे, मग ताडून बघायचे. परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असं नाही, म्हणून संकेतस्थळावरची सूचना बघत राहायची.

पास झाल्यावर फॉर्म २२ भरून नोंदणी करायची. प्रमाणपत्र येईपर्यंत कार्डावर 'पेटंट एजंट' छापू नका. निकालात नाव असलं तरी रजिस्टरवर यायच्या आधी कलम १२९ तुम्हालाही लागू असतं.